कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आजोबा म्हणायचे. बांधाच्या दाव्यापायी ते स्वतः वर्षानुवर्षं चढले. गेले काही दिवस ही म्हण डोक्यातून जात नाही. पायरी किती उंच, हे ती सांगत नाही. तालुक्याच्या कोर्टाच्या त्या झिजलेल्या दगडी पायऱ्या मी आजोबांचं बोट धरून चढायचो. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मग बाकावर शेंगदाणे खात पुकाऱ्याची वाट बघायची. पुकारा झाला की ते टोपी सारखी करत. पुढची तारीख मिळाली की आम्ही उतरायचो.

पंढरपूरला नामदेवांची पायरी आहे, लोकांचे पाय लागावेत म्हणून. आणि आपण 'पायरी सोडून बोलू नकोस' असंही म्हणतो. वकील पायरी सोडतात हे कायद्याला ठाऊक असावं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा 2012 चा पोक्सो कायदा सांगतो, वकिलाने मुलाला थेट विचारायचं नाही. प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचा, ते विचारतील. आरोपी मुलाच्या नजरेसमोर नको. जबाब घेणारा पोलीस गणवेशात नको. साक्ष 30 दिवसांत व्हावी, खटला शक्यतो वर्षात. लिहिणाऱ्याला मुलं कळत होती, असं वाचताना वाटतं. पण 'इतके दिवस घरी का नाही सांगितलंस?' हा प्रश्न न्यायाधीशांनी मऊ आवाजात विचारला तरी प्रश्न तोच. तो विचारूच नये, असंही म्हणवत नाही. आरोपीलाही बचावाचा हक्क आहे. इथे माझं गाडं अडतं.

साक्षीआधी लहान मुलाला खरं-खोटं कळतं का, हे न्यायाधीश पारखून घेतात. बारा वर्षांच्या आतल्या मुलाला शपथ कळत नसली, पण खरं बोलायचं असतं एवढं कळत असलं, तरी साक्ष चालते. मला कळत होतं? कोर्टातून परतताना स्टँडवर आजोबा भजी घ्यायचे. डॉक्टरांनी तेलकट बंद केलेलं. 'आजीला सांगायचं नाही हं,' म्हणत एक माझ्या हातावर ठेवायचे. धमकी नव्हती, लाडच होता. आजी विचारायची, 'काय खाल्लंत रे?' मी म्हणायचो, शेंगदाणे.

आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिला मी कधीच सांगितलं नाही.