म्हाइंभटांचं निदान करू नका

आत्मप्रौढीचा व्यक्तिमत्त्वविकार असलेल्या क्लायंटचा विषय निघाला की समुपदेशकांच्या बोलण्यात 'हा काही सुधारायचा नाही, दुसरीकडे पाठवून द्या' हे हटकून येतं, आणि मला ते खटकतं. असा माणूस वीस मिनिटं उशिरा येऊन पूर्ण वेळ मागतो. आधी 'तुमच्यासारखं कुणी समजूनच घेतलं नाही' म्हणतो, पुढे तुमची डिग्री विचारतो. राग येणारच. पण हे डोक्यावर घेणं आणि मग आपटणं हाच उपचाराचा ऐवज आहे, असं मनोविश्लेषक हाइन्झ कोहुट यांनी १९७१ मध्ये मांडलं. लहानपणी न भागलेली कौतुकाची भूक तिथे उघडी पडते. ओटो केर्नबर्ग या दुसऱ्या मनोविश्लेषकांना हे पटलं नाही. त्यांना त्या मोठेपणाखाली संताप आणि असूया दिसली, आणि ती त्या माणसाला दाखवून द्यावी असं त्यांचं म्हणणं. माझा कल कोहुटकडे आहे. नातं रुजण्याआधी दोष दाखवला की त्याला अपमान वाटतो आणि पुढच्या वेळी तो येतच नाही.

हा माणूस बदलतच नाही म्हणणाऱ्यांना म्हाइंभट आठवावेत. विद्वत्तेचा ताठा घेऊन हा पंडित महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर यांच्याशी वाद घालायला गेला आणि अनुयायी झाला. पुढे रिद्धपुरात, ज्याला त्याला विचारून, इतरांच्या आठवणींतून त्याने चक्रधरांचं चरित्र, 'लीळाचरित्र', उभं केलं. यावरचा आक्षेप उघड आहे: अमेरिकी निदानपुस्तिकेत १९८० मध्ये आलेलं निदान तेराव्या शतकातल्या माणसाला कसं चिकटवता? आणि गुरू म्हणजे थेरपिस्ट नव्हे. दोन्ही मान्य. तो नुसता गर्व होता, विकार नव्हे. शिवाय भक्ती तर थेरपिस्टला धोक्याचीच. डोक्यावर घेतलेला थेरपिस्ट खूश राहतो आणि काम तिथेच थांबतं. तरी ताठ माणसात दुसऱ्याचं ऐकून घेण्याची ताकद येऊ शकते, एवढं यातून उरतंच.

अर्थात 'कुणालाच पाठवू नका' असंही मी म्हणणार नाही. धमक्या सुरू झाल्या तर पाठवावंच, त्यात कमीपणा नाही. पण निव्वळ शिक्का बघून नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात तर हे वेगळं निदान राहिलेलंच नाही; तिथे आधी विकाराची तीव्रता बघतात. फी, वेळ आणि चुकलेल्या भेटीचा नियम पहिल्याच दिवशी ठरवा, आणि अपमान तुम्हालाच झोंबू लागला तर आधी वरिष्ठांशी बोला, दुसरीकडे पाठवायची चिठ्ठी नंतर लिहा.