यार्डाची वाट आणि नानांचे बूट

रविवारी सकाळी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात शिरले, की नजर आपोआप पायांखाली जाते. कोबीची सुटी पाने, मेथीच्या काड्या, पाट्यांतून ठिबकलेले पाणी आणि त्यातून वाट काढणाऱ्या हातगाड्या. पाठीवर पोते घेतलेला हमाल ‘सरका, सरका’ म्हणत समोरून येतो, तेव्हा वेळेत बाजूला होणे ज्याच्या त्याच्या पायांवर सोपवलेले असते.

माझे सासरे, नाना, 78 वर्षांचे आहेत. बिबवेवाडीतील घरापासून यार्डापर्यंतची रविवारची फेरी हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. गेल्या पावसाळ्यात आमच्याच इमारतीच्या पायरीवर त्यांचा उजवा पाय मुरगळला. हाड शाबूत राहिले. पण घरात ठरले, की आता यार्ड नको. नाना काही बोलले नाहीत. दोन रविवार खिडकीशी बसून राहिले. घरात भाजी येत होती, पण त्यांचा आठवडा थांबला होता. तिसऱ्या रविवारी मीच म्हणाले, “नाना, चला. मी बरोबर येते.”

वाटेत बुटाचा तळ उसवलेला दिसला, म्हणून रस्त्याकडेला चपला-बूट दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरापाशी थांबलो. त्यांनी दोन्ही बूट उलटे करून शेजारी ठेवले आणि म्हणाले, “आजोबा, डावा ठीक आहे. उजवा आतूनच झिजलाय. पाय आत पडतो तुमचा.”

चालताना टाच टेकल्यावर पाऊल किंचित आत कलते आणि धक्का शोषून घेते. ही क्रिया नैसर्गिक आहे. तिला प्रोनेशन म्हणतात. म्हणून टाचेची मागची बाहेरील कड थोडी झिजणे स्वाभाविक मानावे. टाचेची आतली कड आणि अंगठ्याखालचा भाग फार झिजला असेल, तर पाऊल जास्त आत कलत असावे. बाहेरची कड टाचेपासून करंगळीपर्यंत झिजली असेल, तर ते बाहेर कलत असावे.

आत भुसार विभागात नाना नेहमीच्या गाळ्यावर टेकले आणि मी हमालांची पावले पाहत राहिले. ओझ्याखाली पावले आखूड पडतात आणि अख्खा तळवा जमिनीवर विसावतो. ओझे वाहणाऱ्याला पाय कोठे व कसा टेकतो याचे भान सोडून चालत नाही. वय वाढते तसे आपल्यालाही ते ठेवावे लागते.

घरी आल्यावर नानांचे पाय ओले करून त्यांना फरशीवर कागद अंथरून उभे केले. डाव्या पावलाच्या ठशात कमानीची पोकळी स्पष्ट होती. उजवा ठसा जवळजवळ भरलेला. एकाच पायाची कमान उतारवयात खाली बसणे, हे बुटांच्या दुकानात सोडवण्याचे कोडे नव्हे. आम्ही अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. घोट्याच्या आतल्या बाजूने जाऊन कमान उचलून धरणारा स्नायुबंध सैल झाल्याचे त्यांनी सांगितले, व्यायाम दिले आणि उजव्या बुटासाठी आधाराची गादी लिहून दिली.

मग बूट. धावण्याच्या बुटांत ‘न्यूट्रल’ आणि ‘स्टॅबिलिटी’ असे प्रकार असतात. दुसऱ्यात पाऊल आत कलू नये म्हणून आतली बाजू टणक ठेवलेली असते. मात्र ठसा पाहून प्रकार ठरवला, की काम झाले असे नाही. अमेरिकेच्या लष्करात नव्या जवानांना तळपायाच्या कमानीनुसार बूट देऊन पाहिले, तेव्हा दुखापती कमी झाल्या नाहीत. म्हणजे ठसा दिशा दाखवतो. निवाडा पायात घालून, चालून पाहिल्यावरच करावा.

आम्ही संध्याकाळी गेलो, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. नेहमीचे मोजे आणि डॉक्टरांनी दिलेली गादी बरोबर नेली. नाना उभे असताना दोन्ही पावले मोजली आणि मोठ्या पावलाचे माप धरले. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा, बोटांना पसरायला ऐसपैस टोक, दाबली तरी न दबणारी टाचेची भिंत, बोटांच्या सांध्यापाशीच वाकणारा तळ आणि वाकून नाडी बांधावी लागू नये म्हणून चिकटपट्टी. फार जाड व मऊ तळाचा बूट नानांना पहिल्यांदा आवडला होता. पण तशा तळावरून पायाला जमिनीचा अंदाज कमी येतो, म्हणून तो बाजूला ठेवला.

मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी ‘टोचत नाही’ यावर विसंबू नये. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांवर उपचार करताना दाखवून दिले, की वेदना न कळणाऱ्या पावलाला रोजच्या दाबानेच जखमा होतात. अशांनी बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा नाही ना ते पाहावे आणि रोज रात्री तळवे तपासावेत. स्वतःला दिसत नसतील, तर घरातील कोणी ते काम करावे.

आता नाना पुन्हा यार्डात येतात. पालेभाज्यांच्या ओल्या वाटेवर मी जाते. ते भुसाराच्या कोरड्या रस्त्याने गाळ्यापाशी पोहोचतात. महिन्यातून एकदा आम्ही त्यांचे बूट उलटे करून खिडकीत ठेवतो आणि तळ पाहतो. परवा चष्मा लावून त्यांनी स्वतःच पाहिले आणि म्हणाले, “सूनबाई, दोन्ही सारखे झिजताहेत.”