जुन्या गाडीचें सुकाणूं

दिवे घाट उतरतांना एका वळणावर मीं चक्र फिरविलें आणि गाडी क्षणभर सरळच जात राहिली. तेवढ्या क्षणांत दरीकडचा कठडा जितका जवळ दिसला, तितका तो पुन्हां कधीं दिसूं नये! मागें जेजुरीहून परतणारी आई भंडाऱ्याची पुडी मांडीवर घेऊन डुलक्या घेत होती. तिला कांहींच कळलें नाहीं. परंतु घरीं पोंचतांच मीं किल्ली मुकाट्यानें काकांच्या हातीं दिली.

ही गाडी म्हणजे वडिलांनीं कित्येक वर्षें नंबर लावून १९७८ सालीं घेतलेली प्रीमियर पद्मिनी. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत, इटलीच्या फियाट ११०० ह्या गाडीवरून तिची घडण झाली. ह्या शतकाच्या आरंभीं तिचें उत्पादन थांबलें, तरी मुंबईच्या टॅक्स्यांच्या रोजच्या मागणीवर सुट्या भागांचा व्यापार टिकून होता. ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही बंद झाली. त्या बातमीचा आपल्या घराशीं कांहीं संबंध आहे, हें मात्र भाग शोधावयास निघेपर्यंत आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

काकांचें मत, गाडी भंगारांत द्यावी. धाकट्या बंधूंचें मत, हळू चालविली म्हणजे चालेल. मिस्त्रींनीं दोघांचेंही ऐकून घेतलें व म्हटलें, "इंजिन बंद पडलं तर गाडी उभी राहते, दादा. स्टेअरिंग सुटलं तर ती कुठं उभी राहील, ते कुणी सांगावं?"

जॅक लावून त्यांनीं पुढचें चाक दोन्ही हातांनीं हलवून दाखविलें. चक्राचा दांडा एका पेटींत उतरतो. तेथून मळसूत्री आट्यांच्या योगानें त्याची गति आडव्या दांड्यांत व तेथून दोन्ही चाकांत जाते. वाटेंत जितके सांधे, तितक्या झिजण्याच्या जागा. एकेका सांध्याची झीज केंसाएवढी होती. पण त्या सर्व केंसांची बेरीज चक्रावर चार बोटें भरली.

यादी घेऊन प्रथम नाना पेठ गांठली. सुट्या भागांच्या त्या दुकानांत नुसतें नांव सांगून भागत नाहीं. जुना भाग हातांत असावा लागतो. तिसऱ्या दुकानीं किंग पिनचा नवा संच मिळाला. टाय रॉडचीं टोकें मात्र कोठेंच नव्हतीं.

मग रविवारीं मंगळवार पेठेंतील जुना बाजार. बुधवारीं व रविवारीं भरणाऱ्या ह्या बाजारांत कुलुपें, पितळी अडकित्ते, घड्याळांचीं यंत्रें, पंख्यांचीं पातीं असा कित्येक घरांचा संसार जमिनीवर पसरलेला असतो. त्यांतच एका ताडपत्रीवर आम्हांला हवें तसें टोक दिसलें. आटे तंतोतंत जुळले. बंधु म्हणाले, "पाहा, चाललं की नाही!"

मिस्त्रींनीं त्याच्या निमुळत्या खुंटीस निळा रंग लावला, ती तिच्या छिद्रांत दाबून फिरविली व बाहेर काढली. रंग छिद्रांत सर्वत्र लागावयाचा, तो केवळ एका कड्यापुरता उठला होता. "बसलंय, पण धरलेलं नाही," ते म्हणाले व तें टोक त्यांनीं बाजूला ठेविलें. बाजारवाल्याचा ह्यांत दोष नव्हता. त्यानें लोखंड विकलें होतें, विश्वास नव्हे. मोडक्या भागास वेल्डिंग करून घ्यावें, ही माझी सूचनाही त्यांनीं तशीच बाजूला ठेविली. सुकाणूच्या भागास जोड देणें म्हणजे तो कोठें तुटणार तें स्वतःच ठरविणें, असें त्यांचें म्हणणें.

आयडलरचा बुश भोसरीच्या एका लेथवर करून घेतला. मीं जुना बुश पुढें केला, तर कारागिरानें तो परत दिला. "ह्याचं माप घेतलं तर झीजच नव्यानं घडेल. पिन आणा." त्या वाक्यानें मी घरापर्यंत विचार करीत आलों. घाटांतल्या त्या क्षणापूर्वीं दोन वर्षें मी त्या सैल चक्राशीं आपले हात जुळवून घेत आलों होतों. म्हणजे झिजेचेंच माप घेत होतों, आणि त्याला सवय म्हणत होतों. घरांतील आपलीं किती तरी मापें अशींच घेतलेलीं असतील!

टोकें अखेर मुंबईच्या एका वृद्ध टॅक्सीवाल्याच्या फळीवर, कधीं न वापरलेलीं, सांपडलीं. दीड महिना लागला. निळा रंग ह्या वेळीं छिद्रभर उमटला. नट आवळून प्रत्येकांत नवी स्प्लिट पिन घातली गेली.

दिवे घाटांत पहिल्या खेपेस आईला नेलें नाहीं. शेजारीं काका बसले, स्वतः होऊन. तें वळण आलें तेव्हां त्यांनीं पुढची कड घट्ट धरली होती. चक्र दोन बोटें फिरलें न फिरलें तोंच गाडी वळली. काकांनीं हात काढला व कांचेबाहेर पाहत म्हटलें, "वहिनींना पुढच्या रविवारी घेऊन येऊ."

मिस्त्रींनीं पांचशें किलोमीटरांनंतर नट पुन्हां तपासावयास बोलाविलें आहे. येत्या बुधवारीं जावयाचें आहे. वाटेंत जुना बाजारही लागतो.