भर दुपारची फवारणी

हरभऱ्यावरच्या घाटेअळीला मारायला फवारतात त्या विषाणूत काही दम नाही, असं मी मंगळवेढ्याकडच्या आमच्या शिवारात चारचौघांत बोललो होतो. ते शब्द मला परत घ्यायचे आहेत. औषधात खोट नव्हती, मी ते भर दुपारी फवारलं होतं.

मजूर येऊन पंप भरेपर्यंत बारा वाजत. हिवाळ्याचं ऊन, त्यानं काय होतंय, असं वाटायचं. पण अंगाला सोसणाऱ्या उन्हातही अतिनील किरण असतात. एचएएनपीव्ही हा घाटेअळीचा विषाणू पानावर पडून राहतो, अळीनं खाल्ला तरच लागू पडतो. मग आठवडाभरात अळ्या शेंड्याला उलट्या लटकून मरतात. उघड्यावर पडलेल्या विषाणूच्या डीएनएतले बंध हे किरण मोडतात आणि शेजारचे घटक भलतेच जोडून टाकतात. असा विषाणू अळीच्या पोटात जाऊनही वाढत नाही.

मी निंबोळी अर्कही फवारायचो, त्याची नासाडी तर फवारणीआधीच करत होतो. निंबोळ्या पत्र्यावर कडक उन्हात वाळवायच्या, अर्क पांढऱ्या कॅनमध्ये बांधावर ठेवायचा. त्यातल्या अझाडिरॅक्टिन या कीडनाशक घटकाचा रेणू 35 कार्बन, 44 हायड्रोजन आणि 16 ऑक्सिजन अणूंचा. केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या चमूला तो प्रयोगशाळेत घडवायला 22 वर्षं लागली, 2007 मध्ये जमलं. आपल्या बांधावरचं झाड तो दरवर्षी फुकट देतं आणि ऊन तो थोड्या दिवसांत मोडतं. 300 नॅनोमीटरच्या किरणाच्या एका कणात कार्बन-कार्बनचा साधा बंध तोडण्याहून जास्त ऊर्जा असते. रेणूनं तो शोषला की बंध तुटू शकतो.

विषाणूच्या द्रावणात राणीपाल, म्हणजे कपडे उजळवायची पावडर, घालायला सांगितलेलं मी वाचलं होतं. कपड्यांची वस्तू पिकावर कशाला, म्हणून सोडून दिलं. राणीपाल अतिनील किरण स्वतः शोषून घेतं, म्हणून ते घालायचं असतं.

माझं नुकसान मी सोसलं. पण माझ्या बोलण्यावर भरवसा ठेवून शेजाऱ्यांनी महागडी रासायनिक औषधं आणली, त्याची भरपाई माझ्याकडून झालेली नाही.

त्यांना आणि तुम्हालाही विनंती आहे. यंदा हरभऱ्यात अळ्या बारीक असतानाच, दिवस मावळायच्या सुमाराला, राणीपाल घालून विषाणू फवारा. निंबोळ्या सावलीत वाळवा. आठवड्यानं शेंडे तपासा, मगच औषधाबद्दल बोला.