दहा मिनिटं पाण्यात

डिसेंबरात त्सुफेनहाउझेनला साडेचारलाच अंधार पडतो. एस-बानमधून उतरलेली माणसं मान खाली घालून घराकडे सुटतात, आणि मार्चपर्यंत शेजारी दिसतो तो फक्त कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना. अशा दिवसांत इथल्या एका जिममध्ये चार भिंतींच्या आतली ट्रायथलॉन भरते. गेल्या जानेवारीत मी तिच्यात भाग घेतला. भारतातल्या नातेवाइकांनी "म्हणजे आयर्नमॅन का गं?" असं विचारून आधीच पुरेसं लाजवलंय, तेव्हा एकदा नीट सांगते.

मिलिंद सोमणने 2015 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिकला पुरी केली ती आयर्नमॅन. 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि वर 42 किलोमीटर धावणं. जिममधला प्रकार उलटा आहे. इथे अंतर ठरलेलं नसतं, वेळ ठरलेली असते. अमेरिकेतल्या जिममध्ये रुळलेला हिशेबच आमच्याकडे होता: 10 मिनिटं पोहायचं, 10 मिनिटांत कपडे बदलायचे, मग 30 मिनिटं जागेवरची सायकल आणि 20 मिनिटं ट्रेडमिल. तेवढ्यात जो जास्त अंतर कापेल तो पुढे. (पोहायच्या कपड्यांबद्दल मावश्यांनी विचारू नये.)

रस्त्यावरच्या शर्यतीत शेवटचा माणूस पोचतो तेव्हा मंडप उतरवायला घेतलेला असतो. इथे शिट्टी वाजली की सगळे एकदमच थांबतात. पहिला आणि शेवटचा शेजारीशेजारी उभे राहून घाम पुसतात. मला या खेळात ओढलं ते एवढ्याच गोष्टीनं.

हे केवळ आमच्यासारख्या हौशींचं खूळ आहे असंही नाही. मार्क स्पिट्झने 1972 मध्ये सात सुवर्णपदकं मिळवली त्या म्युनिकच्या ऑलिंपिक तलावावर एप्रिल 2022 मध्ये व्यावसायिक खेळाडूंची अशीच शर्यत झाली. 200 मीटर पोहून बाहेर यायचं, काठावर मांडलेल्या सायकलवर 4 किलोमीटर, ट्रेडमिलवर 1 किलोमीटर, आणि पुन्हा तेच. तिथे मात्र अंतर ठरलेलं होतं आणि घाई भयंकर.

आता पाण्याचं. आमच्या कराडकडच्या मळ्यात विहीर होती. भाऊ पाठीला डबा बांधून तिच्यात पोहायला शिकले; मी वरच्या पायरीवर बसून त्यांचे कपडे सांभाळायची. आईची धाकटी बहीण विहिरीत पडून गेली होती, माझ्या जन्माच्या आधी. घरात त्यावर कुणी बोलत नसे, पण मुलींनी पाण्याकडे जायचं नाही हे ठरून गेलं होतं.

इथे आल्यावर मुलीनं झेप्फेर्डशेन मिळवलं. समुद्रघोड्याचं चित्र असलेला हा पोहण्याचा पहिला बिल्ला. काठावरून उडी, 25 मीटर पोहणं आणि खांद्याएवढ्या पाण्यातून एक वस्तू वर काढणं. पोर सहा वर्षांची, आणि मी काठावर तिचा टॉवेल धरून. पुढच्याच महिन्यात मोठ्यांच्या वर्गात नाव घातलं. तेव्हा मी 41 वर्षांची होते. पहिले तीन आठवडे काठाचा पाइप सोडला नाही. उघड्या पाण्यात मी आजही उतरणार नाही. माक्स-आयट तळ्यात पोहायला बंदी आहे हे ऐकून मला बरंच वाटतं.

स्पर्धेत सायकलचं आणि धावण्याचं अंतर यंत्रच मोजतं. पोहण्याच्या फेऱ्या मात्र माणूस मोजतो. माझ्या पट्ट्यावर एक सत्तरीच्या बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. हातात कागद, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, अगदी आपल्या वाण्यासारख्या. दर वेळी भिंतीला हात लावला की त्या माझं नाव घेऊन आकडा ओरडायच्या. नावाचा उच्चार पार चुकीचा. पण सात वर्षांत या गावात माझं नाव इतक्यांदा कुणी घेतलं नव्हतं. शेवटी मी म्हटलं, दहा झाल्या. त्या म्हणाल्या, "एल्फ. मी मोजल्यात." अकरा फेऱ्या, 275 मीटर. माझ्या शेजारचा मुलगा तेवढ्यात 600 मीटर गेला होता.

सायकलवर 13 किलोमीटर झाले, धावून 2.4. शेवटच्या पाच मिनिटांत पायांत गोळे आले, त्याचं फार कौतुक नको.

संध्याकाळी आईला फोन केला. नंबर कितवा आला, हे तिनं आधी विचारलं. चोवीस जणांत एकविसावा, हे ऐकून "बरं" म्हणाली. मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. मला वाटलं फोन तुटला.

"पाणी किती खोल होतं?"

"एका टोकाला 1 मीटर 80. माझ्या डोक्यावरून."

"आणि कुणी बघत होतं का तुझ्याकडं?"

"होतं. एक बाई होत्या. सगळा वेळ."

"त्यांना फराळाचं दे," आई म्हणाली.

दिवाळीला अजून नऊ महिने होते. यंदा डबा भरून ठेवलाय, वर चकल्या.