तारेला खोचलेली पत्रं

आमच्याकडच्या जुन्या घरांत पत्रं कपाटात नसत, तारेत असत. वर आकडा, खाली लाकडी चकती. कार्ड वाचून झालं की त्याला भोक पाडून तारेत ओवायचं. उतरवू लागलं की काळ उलटा चालतो: आधी नातवाचं बारसं, मग त्याच्या बापाचं लग्न, मग त्याच बापाच्या मॅट्रिकच्या फीची ओढाताण. एक गोष्ट मात्र सापडत नाही. कुणी गेल्याचं कार्ड वाचून लगेच फाडायची रीत होती. त्यामुळे तारेवर कुणी मरत नाही, एखाद्याचं अक्षर येईनासं होतं, इतकंच. हिंगणघाटच्या आत्याबाईंचं मोडी वळणाचं अक्षर असंच एका पोळ्यानंतर थांबलंय.

दागिने एवढं बोलत नाहीत. आजीच्या पाटल्या दोनदा मोडून घडवल्या. त्यात आजी किती उरली, ते सोनारालाच ठाऊक!

टपालापायी तर आमच्या वर्धा जिल्ह्यात एका गावाचं नाव बदललं. सेगावची पत्रं बुलढाण्याकडच्या शेगावला जाऊ लागली, म्हणून १९४० मध्ये सेगावचं सेवाग्राम झालं. त्याआधीही वर्ध्यातलं एक पत्र गाजलं होतं. शेठ बच्छराजांनी दत्तक घेतलेल्या नातवानं, जमनालाल बजाजांनी, सतराव्या वर्षी लिहिलेलं. लग्नाला दागिने घालून जायला नातू तयार होईना, आजोबा नको ते बोलले. पोरानं साऱ्या इस्टेटीवरचा हक्क लेखी सोडला आणि घराबाहेर पडला. आजोबांनी समजूत घालून परत आणलं खरं. पण त्या घराण्याचा खरा ऐवज मला ते दागिने वाटत नाहीत, तो कागद वाटतो.

पवनारच्या विनोबांचं आणखीच वेगळं. गांधीजींनी त्यांचं कौतुक करून लिहिलेलं पत्र त्यांनी वाचून फाडून टाकलं, असं जमनालालांचे चिरंजीव कमलनयन बजाज सांगत. आई रुक्मिणीबाई १९१८ मध्ये गेल्या. त्यांच्या दोनच वस्तू या मुलानं घेतल्या: एक लुगडं आणि अन्नपूर्णेची मूर्ती. लुगडं कित्येक दिवस उशाला होतं. पुढे खादीचं व्रत घेतलं आणि लुगडं तर खादीचं नव्हतं. ते साबरमतीत सोडलं. मूर्ती तिथल्या आश्रमातल्या एका भाविक बाईंकडे पूजेला गेली. इतकं कोरडं होणं मला जमणार नाही, आणि जमावं असंही वाटत नाही.

पण आईचं एक मागणं राहिलं होतं. संस्कृत गीता तिला कळेना, मराठी पद्यातली जड वाटे. मग तूच का करत नाहीस, असं ती मुलाला म्हणाली होती. विनोबांनी वर्ध्यात ७ ऑक्टोबर १९३० ला ‘गीताई’ लिहायला घेतली. ६ फेब्रुवारी १९३१ ला ती पुरी झाली, तेव्हा आईला जाऊन बारा वर्षं उलटली होती.