बर्फावरच्या पावलांचे माप

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, टोरोंटोच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर किचनेर हे शहर आहे. जर्मन वसाहतकारांच्या या गावाचे मूळ नाव बर्लिन. पहिल्या महायुद्धात ते नाव अडचणीचे ठरले आणि १९१६ मध्ये गावाने लॉर्ड किचनेर यांचे नाव स्वीकारले. १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले किचनेर ते हेच.

कातडी कमावणे, पादत्राणे, लाकडी सामान, गुंड्या हे येथील जुने उद्योग. पादत्राणांच्या धंद्यातील बाउअर कुटुंबाने १९२७ मध्ये येथे स्केट तयार करण्यास प्रारंभ केला. त्या काळी बूट एकीकडून आणि पोलादी पाते दुसरीकडून घेऊन ते जोडून घेण्याची रीत होती. १९३३ मध्ये या कंपनीने पाते कायमचे जडवलेला स्केट विक्रीस आणला. तो कारखाना आज तेथे नाही. हॉकीचे वेड मात्र कायम आहे. पानगळ सुरू झाली की आईवडील मुलांना घेऊन स्केटच्या दुकानांत दिसू लागतात. जवळच्या वॉटर्लूत स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही त्यांत असतात.

अशाच एका दुकानात बार्शीचे एक वयोवृद्ध कापड व्यापारी आठ वर्षांच्या नातवासह आले. नातवाचा रोजचा बूट दोन नंबरचा. आजोबांनी तीन नंबरचा स्केट मागितला. वाढत्या अंगाचे पोर, दोन हिवाळे तरी निघावेत, हा हिशेब. दुकानदाराने मुलाचा पाय धातूच्या मापपट्टीवर ठेवला, लांबी पाहिली, चवड्याची रुंदी पाहिली आणि एक नंबरचा जोडा काढला.

“अहो, हा तर रोजच्या बुटापेक्षाही लहान!” आजोबा मुलाला म्हणाले.

“बाबा, स्केटचं माप असंच असतं,” मुलाने हसत सांगितले.

स्केटचे माप रोजच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीड नंबर कमी असते. पातळ मोजा घालून टाच मागे ठोकून बसवायची आणि मग नाडी आवळायची. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढच्या टोकाला निसटती टेकावीत. गुडघे वाकवताच ती किंचित मागे यावीत. टाच मात्र तसूभरही उचलली जाऊ नये. वाढत्या मुलासाठी सूट द्यायचीच तर अर्ध्या नंबरापेक्षा अधिक नाही.

सैल स्केटमध्ये पाऊल आत घसरते, घोटा आतल्या बाजूला कलतो आणि पात्याची धार बर्फावर नीट टेकत नाही. मग नाडी करकचून आवळली जाते, पायाच्या वरच्या भागाला कळा लागतात, टाचेला फोड येतात. मुलाला वाटते, आपल्याला हा खेळ जमत नाही. दोष जोड्याचा असतो आणि खेळ सोडतो मुलगा.

आजोबांनी तडजोड सुचवली, “मोठा घेऊन आत जाड सुखतळा घातला तर?” दुकानदाराने मान हलवली. जाड सुखतळ्याने टाच बुटातील आपल्या खोबणीतून वर उचलली जाते आणि पकड आणखीच सुटते. सुखतळ्याचे काम निराळे. तळपायाच्या कमानीला आधार देणे. कमान सपाट, मध्यम वा उंच असेल त्याप्रमाणे तो निवडावा, आधीचा काढून त्याच्या आकाराबरहुकूम कापावा आणि मगच घालावा.

नंतर त्याने एक नंबरचा जोडा छोट्या भट्टीत सुमारे ऐंशी अंशांवर काही मिनिटे तापवला. मऊ झालेल्या जोड्यात मुलाचा पाय बसवून, नाड्या बांधून त्याला पंधरा मिनिटे स्वस्थ बसवले. जोडा थंड होताना पायाचा आकार घेतो. पुढचा एक दिवस तो बर्फावर न्यायचा नाही.

दर हिवाळ्यास नवा जोडा हा खर्च आजोबांच्या मनातून जात नव्हता. त्यावर दुकानातच उपाय होता. मुलांना अपुरे झालेले जोडे परत घेऊन ते कमी किमतीत विकण्याची एक मांडणी तेथे होती. पात्यात पोलाद पुरेसे उरले आहे का, बुटाची घोट्याजवळची बाजू ढिली पडली नाही ना, एवढे पाहून घ्यावे. भट्टीत तापवून तो बूट नव्या पायालाही बऱ्याच अंशी जुळवता येतो. अडीअडचणीच्या घरांचा हिवाळा या मांडणीवर निभावतो.

आजोबांनी नातवाचा जोडा घेतला, पैसे मोजले आणि पुढच्या वर्षी हाच जोडा परत घेणार ना, हे विचारून घेतले. दुकानदाराने होकार दिला. मोठा जोडा खपवून तो मोकळा झाला असता. पण आजोबांनी चाळीस वर्षे गजाने कापड मोजले होते, समोरच्याचे माप खरे आहे हे त्यांना तेव्हाच कळले होते.